मालाक्काची पाठ

सोलापुरात पिक्चरवाल्यांना गर्दी लागली की ते मालाक्काला फोन लावतात. लग्नाची गर्दी, मोर्चाची गर्दी, बाजारातली, जत्रेतली, नाहीतर नुसतीच रस्त्यानं येजा करणारी. कसलीही मागा, मालाक्का उभी करून देते. तिचं कागदावरचं नाव विजयमाला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ती टॉवेलांच्या कडा शिवते, आणि मशीन न थांबवता, फोन खांद्यानं कानाशी दाबून विचारते, "म्हाताऱ्या किती पायजेत? नऊवारीतल्या का सहावारीतल्या? दात असलेल्या का बिनदाताच्या? आदीच सांगा, मागनं कटकट नको."

हे तिला कुणी शिकवलं नाही. मागं एकदा कारखान्याच्या गेटावरच शूटिंग आलं होतं. बायकांनी सुट्टी झाल्यासारखं गेटातून बाहेर पडायचं, एवढंच काम. पण तेच पुन्हा पुन्हा करायला लावलं. बाकीच्या बायका वैतागल्या, "बास की आता, घरी भाकरी टाकायच्यात," म्हणत खरोखरच घरी गेल्या. मालाक्का मात्र दर वेळी नव्या हुरूपानं बाहेर पडत राहिली. एकदा पदर सावरून, एकदा डबा झुलवत, एकदा उगीच मागं वळून कुणाला तरी हाक मारत. त्या दिवशी तिला जे वेड लागलं ते लागलंच.

माणसं हेरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण पिक्चर म्हणजे खोटं, हे तिच्या माणसांच्या काही केल्या डोक्यात शिरत नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते फारसं पटत नाही. लग्नाच्या सीनला तिनं नेलेल्या बायका खणनारळ घेऊन गेल्या. लग्नाला रिकाम्या हातानं जायचं कसं? रांग लावून त्यांनी हिरॉइनला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. तिकडं दिग्दर्शक "कट, कट" करून घसा फोडत होता, पण ओटी अर्धी सोडायची नसते म्हणून एकीनंही हात थांबवला नाही. मोर्चाच्या सीनला घोषणा द्यायची होती शाळेसाठी. पहिल्या टेकला "शाळा द्या" झालं, दुसऱ्याला झालं, आणि तिसऱ्याला बायका तापल्या त्या "पाणी द्या, पाणी द्या" करून सुटल्या. ते इतकं मनापासून झालं की पलीकडच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन मोर्चात घुसल्या. हिरो बिचारा एका घागरीखाली सापडला.

हे सगळं झकास चाललं होतं. मालाक्काचं दुखणं वेगळंच होतं. इतक्या पिक्चरांत ती होती, पण एकाही पिक्चरमध्ये तिचं तोंड नव्हतं. पाण्याला चाललीय, पाठमोरी. कीर्तनाला बसलीय, पाठमोरी. एकदा कधी नव्हे ते समोरून घेतली, तर ऐन वेळी मध्ये हिरोची मोटारसायकल आली.

आणि घरात होता श्रीमंत, तिचा नवरा. सांगोल्याकडच्या मेंढरंवाल्या घरातला, त्याच कारखान्यावर वॉचमनकी करून नुकताच रिटायर झालेला, झुपकेदार मिशांचा माणूस. बायकोची टर उडवायची संधी त्यानं आयुष्यात सोडली नाही. थेटरात मालाक्का त्याला कोपरानं ढोसायची, "त्यो बगा, त्यो हिरवा पदर! ती मी!"

श्रीमंत अंधारात डोळे बारीक करायचा. "कुटं? ती व्हय? अगं, पाठ तर समद्या बायकांची सारकीच असती. शेजारची मथुराबाय असंल ती."

मालाक्काच्या जिवाला ते लई लागायचं. एकदा, फक्त एकदा पडद्यावर आपलं तोंड यावं, तोंडात एक वाक्य असावं, आणि ते या माणसानं उघड्या डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची इच्छा होती. देवाला नवस बोलायचीही तिला लाज वाटायची. देव म्हणायचा, बाई, जगात काय कमी कामं आहेत का मला?

तर अशात पुण्याची राजनंदिनी आली. वयानं लहान, डोक्याला टोपी, पायांत बूट, आणि दिग्दर्शक म्हणजे ही पोरगीच. वळसंगच्या अलीकडं एका वस्तीवर तिचं शूटिंग लागलं होतं. पिक्चरमध्ये हिरोचा चुलता वारतो, त्याला अंगणात ठेवलेलं असतं, आणि चुलती एकच वाक्य बोलते, "आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" त्या चुलतीसाठी राजनंदिनीला इकडचीच बाई हवी होती. मालाक्कानं बायका गोळा करून नेल्या. एकीला रडायला सांगितलं तर हसू फुटलं. दुसरी रडायला लागली ती थांबेचना, तिला तिची मेलेली म्हैस आठवली. शेवटी राजनंदिनी म्हणाली, "मावशी, तुम्ही बघा ना करून."

मालाक्का खाली बसली. समोर काहीच नव्हतं, नुसती सतरंजी. तिनं पदराच्या टोकानं न दिसणाऱ्या तोंडावरची न दिसणारी माशी वारली, क्षणभर बघत राहिली, आणि वाक्य बोलली. राजनंदिनीनं टोपी काढली. "मावशी, हे तुम्हीच करायचं. समोरून घेणार तुम्हाला, अगदी जवळून."

मग काय विचारता! मालाक्का मशीनवर टॉवेलाकडं बघून म्हणायची, "आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" दूधवाल्याला म्हणायची. कुकरच्या शिट्टीला म्हणायची. श्रीमंत खाटेवरून ओरडायचा, "माज्या तोंडाकडं बग की! फुकटात हाय!"

शूटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी कुमार धापा टाकत घरी आला. कुमार म्हणजे त्या पिक्चरचा मॅनेजर. जेवणापासून जनरेटरपर्यंत जे जे बिघडेल ते त्याच्या डोक्यावर.

"मावशी, मढं पळालं!"

"आरं, म्हंजे?"

चुलत्याचं काम करायला पुण्याहून एक जुने नट आले होते. उद्या अमावस्या आहे हे त्यांना आज कळलं. अमावस्येला तिरडीवर झोपायचं म्हटल्यावर त्यांना पुण्यातलं काहीतरी अर्जंट काम आठवलं आणि स्वारी मिळेल त्या गाडीनं गेली. कपड्याच्या दुकानातला पुतळा आणून बघितला, पण तो गोरापान, केस चापून बसवलेले, आणि गालातल्या गालात हसणारा. धोतर नेसवून तिरडीवर ठेवला तर मरून फार बरं झालं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"उद्या सकाळपर्यंत माणूस मिळाला नाही तर सीन गेला," कुमार म्हणाला. "परवा आमचं वेळापूरला लागलंय. लेखक म्हणतोय, चुलता वारल्याचं फोनवर कळवलं तरी चालतंय."

"फोनवर मेला तर माजं वाक्य कुटं जानार?"

कुमारनं वाक्य कापल्यासारखी बोटांची कात्री केली. मालाक्काला समजायचं ते समजलं. तिनं तशीच चप्पल पायात सरकवली.

आधी ती गेली सिद्धलिंगप्पाकडं. हा म्हातारा शिंपी, अंगानं काडी, गाल बसलेले, मेकपचीही गरज नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कानडीत नको नको म्हणत दोन्ही हात झटकले. "ब्याड, ब्याड! मरायला माजी ना न्हाय मालाक्का, झोपायला ना हाय. यमाला कुटं कळतंय सोंग कुटलं नि खरं कुटलं? आलोय तर घिऊन जाऊ म्हनंल." त्याच्या पुढचा म्हणाला, सुनेला दिवस गेलेत. त्याच्या पुढच्यानं तिला दारातूनच हाकललं, "माज्याच मरनाला टपलीस व्हय गं?" पिक्चरात काम म्हटल्यावर उड्या मारणारी सगळी गल्ली त्या दिवशी आजारी, नाहीतर गावाला गेलेली.

मालाक्का रडकुंडीला येऊन घरी परतली. आणि दारातच थबकली. श्रीमंत खाटेवर दुपारचा झोपला होता. उताणा, तोंड जरासं उघडं, हात छातीवर जुळवलेले, मिशा शांत. बायको म्हणून नव्हे, धंद्यातल्या नजरेनं तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं मढं सबंध जिल्ह्यात मिळालं नसतं.

"काय बगतीस?" श्रीमंतनं एक डोळा उघडला.

तिनं सांगितलं. तो ताडकन उठून बसला. "येडी का खुळी? बायको रांडमुंड व्हऊन बसनार नि नवरा तिरडीवर? आगं, लोक शेन घालतील तोंडात!"

"तोंडात घालायला तोंड तर दिसू दे माजं एकदा," मालाक्का म्हणाली, आणि खरोखर रडायला लागली. पाण्याचा तांब्या शोधायच्या निमित्तानं ती आत गेली, पण हुंदका बाहेर ऐकू आलाच. श्रीमंत माणूस टवाळ, पण दगड नव्हे. तो मिशी चावत बसला.

यातून वाट काढली शेजारच्या मथुराबाईंनी. सगळ्या गल्लीच्या बारशापासून बाराव्यापर्यंत मथुराबाईंना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. भिंतीपलीकडून त्यांनी अख्खं भांडण ऐकलंच होतं. "त्यात काय येवडं?" त्या म्हणाल्या. "डोक्याला कावळा शिवल्यावर काय करत्यात? तसंच करायचं."

कावळा शिवला म्हणजे मरण जवळपास घिरट्या घालतंय, अशी आपल्याकडची जुनी समजूत. मग काय करतात, तर रक्ताच्या एखाद्या माणसाला खोटाच सांगावा धाडतात, की अमुक गेला. ते माणूस एकदा पोटातून रडलं की मरणाला वाटतं काम झालं, आणि ते आल्या वाटेनं परत जातं. तासाभरानं खरं काय ते कळवायचं. कुणी राग धरत नाही. उलट ज्याच्यासाठी रडलं त्याचं आयुष्य वाढतं.

"पर रक्ताच्या मानसाचं खरं पानी पडलं पायजे," मथुराबाई म्हणाल्या. "बायकोचं चालत न्हाय. बायको काय, उटता बसता रडती."

श्रीमंतला रक्ताचं असं एकच माणूस उरलं होतं. धाकटी बहीण, बजाबाई, करमाळ्याला दिलेली. आणि तिच्याशी त्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बजाबाईच्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभं राहायचा मान श्रीमंतचा. वाटेत एसटी बंद पडली. तो धावतपळत मांडवाच्या दारात पोचला तेव्हा अक्षता पडत होत्या, आणि भाचीच्या पाठीशी दुसराच कुणीतरी लांबचा मामा उभा होता. श्रीमंत दारातूनच माघारी फिरला. पाणीसुद्धा प्यायला नाही. तेव्हापासून ना राखी ना भाऊबीज.

मिशी चावायचं थांबवून श्रीमंत म्हणाला, "कळवा तिला."

"आन ती न्हाय रडली तर?" मथुराबाईंनी विचारलं.

"बगू की," श्रीमंत भिंतीकडं बघत म्हणाला. "रडती का न्हाय, ते तरी कळंल."

मालाक्कानं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस पिक्चरसाठी तयार झालेला नाही, हे तिला कळलं. पण तिला तिचं वाक्य मिळत होतं, आणि ती गप्प बसली.

सकाळी वस्तीवर पोचल्या पोचल्या मथुराबाईंनी करमाळ्याला फोन लावला. नुसतं "गेला" म्हणून ठेवायचं होतं. पण मथुराबाईच त्या! त्यांनी गळा काढला, रात्रीपासूनची छातीतली कळ सांगितली, शेवटचा घोट पाणी कुणी पाजलं ते सांगितलं, आणि खरं वाटावं म्हणून पत्ताही सांगितला. "वळसंगच्या वाटंला वस्तीवर ठिवलंय गं बाई, बोर्ड लावलाय, मंडप हाय, लई मानसं जमल्यात!" फोन ठेवून त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माजंच मला खरं वाटाय लागलं."

तासाभरानं दुसरा फोन करायचा, खरं सांगायचं. पण तेवढ्यात कुमार गोणी घेऊन आला आणि सगळ्यांचे मोबाईल त्या गोणीत गेले. पहिल्याच टेकला मढ्याशेजारी कुणाच्या तरी कमरेला आरती वाजली होती. आता संध्याकाळपर्यंत कुणाला फोन मिळणार नव्हता. मथुराबाई गोणीमागं धावल्या, पण कुमारनं हात जोडले, "आत्या, एकदा दिला की सगळ्यांनाच द्यावा लागतो."

श्रीमंतनं तर तिरडीवर चढायच्या आधीच अटी घातल्या होत्या. पायांचे अंगठे बांधू देणार नाही. मुठीत बिरोबाचा भंडारा ठेवणार. मिशीला कुणी हात लावायचा नाही. वर मथुराबाईंची अट, तिरडीवरून उठून अंघोळ होईपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही. मालाक्कानं मंगळसूत्र पोलक्याच्या आत सारलं आणि काळ्या मण्यांवर हात ठेवून मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

आणि मग दिवसभर जे झालं ते काय सांगावं! मालाक्का समोर कॅमेऱ्याकडं तोंड करून बसलेली, डोळ्यांत पाणी तयार, तोंड उघडून "आता मी" म्हणते न म्हणते तोच नाकातल्या कापसानं मढं शिंकायचं. पुन्हा मांडामांड. पुन्हा "आता मी" आणि मढ्यानं मिशीवरून हात फिरवला. एकदा सगळं जमून आलं, तर खांदेकऱ्यांनी तिरडी उचलल्यावर मढं म्हणालं, "हळू की वं, पडंन ना मी!" राजनंदिनी डोकं धरून बसली. मालाक्का नवऱ्याच्या कानाशी जाऊन फिसकारली, "जित्तेपनी तर कदी ऐकलं न्हाय, मेल्यावर तरी ऐका!"

उन्हं कलायला लागली. अंगणात सगळीकडं पिवळं ऊन पसरलं. राजनंदिनी म्हणाली, "हाच प्रकाश मला हवा होता. शेवटचा टेक. मावशी, तुमचं वाक्य आलं की झालं." कॅमेरा रुळांवरून हळूहळू तिरडीकडं सरकायला लागला. सगळीकडं शांत झालं. श्रीमंत उपासानं खरोखरच मेल्यासारखा पडला होता.

मालाक्कानं पदरानं माशी वारली. तोंड उघडलं.

आणि वस्तीच्या तोंडाला जीपचा ब्रेक कचकन वाजला. "माज्या दादाऽऽ रं!" अशी आरोळी आली की झाडावरची पाखरं उडाली. पदर कुठं, चप्पल कुठं, अशी बजाबाई गर्दी फोडत आत घुसली. मागून तिच्या भावकीतली जीपभर माणसं, गळे काढून. कुमार त्यांना अडवायला धावला. राजनंदिनीनं त्याची कॉलर धरून त्याला खाली बसवलं. "कोण आहेत त्या? कुणी का असेनात. कॅमेरा चालू राहू दे!"

बजाबाईला कॅमेरा दिसला नाही, दिवे दिसले नाहीत. तिला फक्त तिरडी दिसली. तिनं भावाच्या पायांवर डोकं टाकलं.

"माज्या पाठीराख्या भावा रं, कुटं चाललास मला सोडून? म्या अक्षता थांबवाया पायजे हुत्या रं! लगीन मोडलं असतं तर मोडलं असतं! तू दारातनं गेलास, म्या मांडवातनं धावाया पायजे हुतं! वर्साच्या वर्साला भाऊबिजेला पाट मांडला रं तुजा! रिकाम्या पाटाम्होरं बसले, आन भाऊ असून चंद्राला ओवाळलं रं म्या! आता त्यो चंद्रबी ओवाळू वाटनार न्हाय मला!"

ज्या बायकांना कुमारनं डोळ्यांत घालायला ग्लिसरीन वाटलं होतं त्या आता ढसाढसा रडत होत्या. मथुराबाई तर सगळं माहीत असून छाती पिटत होत्या. दिवा धरणारा माणूस रडत होता. मालाक्काचं वाक्य घशातच राहिलं, आणि तिनं नवऱ्याकडं बघितलं.

श्रीमंतच्या मिटलेल्या डोळ्यातून एक थेंब बाहेर आला. कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यातून. तो कानशिलाकडं घरंगळला आणि त्याच्या मागून दुसरा.

कॅमेरा सरकत सरकत नेमका तिकडंच चालला होता. इतकी वर्षं गर्दीत उभं राहून मालाक्काला एक पुरतं कळलं होतं, की कॅमेऱ्याला आत्ता काय दिसतंय आणि पुढच्या घटकेला काय दिसेल. रडणारं मढं दिसलं की हा सीन संपला, आणि बजाबाईचं हे रडणं काही पुन्हा होणार नव्हतं. कॅमेऱ्याकडं तोंड करून बसायची ती जागा, जिच्यासाठी तिनं एवढा आटापिटा केला, ती तिनं सोडली. तिरडीला वळसा घालून ती पुढून आली आणि नवऱ्याच्या तोंडावर पालथी पडली. कॅमेऱ्याकडं पाठ करून.

पदराखाली तिनं त्याचं तोंड छातीशी धरलं. तो हुंदके देत होता, अंग गदगदा हलत होतं. वरून बघणाऱ्याला वाटावं, बायकोच हलतीय. त्याचं ओलं तोंड हाताला लागलं आणि मालाक्काला काय वाटलं कुणास ठाऊक, हा खरंच असा पडला असता तर, असं मनात येऊन तिनं त्याला आणखी घट्ट धरलं. वाक्य आपोआप बाहेर आलं, तिच्या बोलीत, फाटलेल्या आवाजात. "आता मी कुनाच्या तोंडाकडं बगू वं?"

"कट!" राजनंदिनी ओरडली आणि टाळ्या वाजवत नाचायला लागली.

टाळ्या ऐकून बजाबाईनं डोकं वर केलं. मयतीत टाळ्या? आणि तिच्या डोळ्यांदेखत भाऊ तिरडीवर उठून बसला. नाकातला कापूस काढून तो म्हणाला, "बजे, रडू नगंस."

करमाळ्याची माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. एक जण ज्वारीत शिरला तो अंधार पडेपर्यंत सापडला नाही. बजाबाई मात्र पळाली नाही. तिनं आधी भावाचे गाल चाचपले, मग मिशी ओढून बघितली. खरी आहे म्हटल्यावर त्याच्याच गळ्यातला हार काढला आणि त्या हारानं त्याला बडवायला सुरुवात केली. "मुडद्या! जित्ता हायस व्हय रं! वाटंत माजा जीव गेला असता म्हंजे!" मारता मारता तिनं त्याला मिठी मारली आणि पुन्हा रडायला लागली. आता श्रीमंतही मोकळेपणानं रडत होता. मालाक्का बाजूला उभी राहून रडत होती, आणि मथुराबाई सगळ्यांना ओरडून सांगत होत्या, "झालं! खरं पानी पडलं! आता शंभर वर्सं मरत न्हाय!"

श्रीमंतला अंघोळ घातली. बजाबाई हट्टाला पेटली, आत्ताच्या आत्ता ओवाळणार. तिनं जवळचा दिवा उचलला तर मथुराबाई किंचाळल्या, "त्यो न्हवं गं बया, त्यो मढ्याम्होरला!" मग जेवणवाल्याकडून कणीक आणून दिवा केला, स्टीलच्या ताटात ठेवला, आणि लिंबाच्या झाडाखाली भावाला बसवून बजाबाईनं ओवाळलं. दिवसभराच्या उपाशी माणसापुढं भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं आलं. बहीण घास करून भरवायला लागली.

इकडं राजनंदिनी मालाक्काला शोधत आली. "मावशी, काय कमाल केलीत! पण तुमचा चेहरा आला नाही. एक क्लोजप घेऊ या, तुमच्यासाठी. प्रकाश जायच्या आत. काकांना तेवढं पुन्हा झोपायला सांगा, त्यांचं डोकं कडेला दिसायला हवं, नाहीतर जोडता येणार नाही."

मालाक्काचा जीव सुपाएवढा झाला. ती पदर नीट करत लिंबाकडं निघाली. जवळ गेली तेव्हा बजाबाई विचारत होती, "चटनी तिकट हाय का रं?" आणि श्रीमंत तोंडात घास असतानाच मान हलवून नाही म्हणत होता. त्याच्या कपाळावर ओला टिळा होता. ओवाळलेल्या माणसाला भरल्या ताटावरून उठवायचं आणि परत तिरडीवर न्यायचं.

मालाक्का थोडा वेळ तिथंच उभी राहिली. ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं होतं. मग ती माघारी आली.

"नको ताई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या पाठच."

"मावशी, पुन्हा नाही मिळणार."

"ठावं हाय की," मालाक्का म्हणाली, आणि जनरेटरच्या गाडीमागं जाऊन पोटभर रडली. वाईट वाटलंच तिला. का वाटू नये? मग तोंड धुऊन लिंबाखाली गेली. बजाबाईनं तिला आधी शिव्या घातल्या, मग आपल्याच ताटात जेवायला बसवलं.

पिक्चर लागला तेव्हा सगळी गल्ली थेटरात. सिद्धलिंगप्पा पुढच्याच रांगेत, आणि करमाळ्याहून बजाबाई, खास त्यासाठी घेतलेल्या साडीत. आदल्याच महिन्यात भाऊबीज झाली होती, पाटावर भाऊ बसला होता. सीन आला. पडदाभर बजाबाईचं तोंड. थेटरात कुणाच्या डोळ्याला पाणी नाही असं नव्हतं. खुद्द बजाबाई नाक पुसत पुटपुटली, "रडते बाकी झ्याक मी."

मग तिरडीला वळसा घालून एक बाई आली आणि पालथी पडली. पाठ. हिरव्या पोलक्यातली रुंद पाठ, हुंदक्यांनी हलणारी, आणि त्या पाठीमागून आलेला आवाज. "आता मी कुनाच्या तोंडाकडं बगू वं?"

मालाक्का खाली मान घालून बसली होती. शेजारून टोमणा येणार, मथुराबाय असंल म्हणणार, म्हणून वाट बघत होती. शेजारी काहीच हालचाल नव्हती. तिनं हळूच बघितलं तर श्रीमंत खुर्चीतून अर्धा उठला होता आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाचा खांदा हलवत होता.

"ओ पावनं, ती पाठ बगितली का? माजी बायको हाय ती! हज्जार बायकांत वळकंन मी!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ए म्हाताऱ्या, खाली बस की!"

मालाक्कानं त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. "गप बसा की वं," ती म्हणाली. मग तिनं पडद्यावरच्या तिरडीकडं बोट केलं. "मेलेल्या मानसानं बोलू न्हाय."